पोकळ भिंतीचा वास

गडचिरोली,
२० एप्रिल २००६

दामिनी माय,

तुला बाबाचा आशीर्वाद, आणि आशीर्वादामागोमाग शिंक. पत्र लिहायला बसलो की कागदावर पांढरी भुकटी येऊन पडते. फुंकली की नाकात जाते. सध्या या घरात भातावर भुकटी, वरणावर भुकटी, माझ्या चष्म्यावर भुकटी. चहा प्यायला घेतला तर वर पांढरा तवंग. मला या घराचा वीट आला आहे.

प्रफुलने बैठकीच्या मधोमध भिंत घातली. तुझ्या बाळंतपणासाठी खोली पाहिजे म्हणून. मागच्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी होतं, जीप पलीकडे जाऊ शकली नाही, आणि आपलं पहिलं बाळ कसं गेलं ते मी पुन्हा लिहीत नाही. यंदा पाणी चढायच्या आत तू भामरागडहून निघून इथे दवाखान्याजवळ आली पाहिजेस. माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तेव्हा खोली केली, इथपर्यंत पोराचं बरोबर आहे.

पण भिंत कशाची केली? विटेची नाही, मातीची नाही. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला आणि दोन्हीकडून फळ्या स्क्रूने आवळल्या. फळ्या म्हणजे काय, तर पुठ्ठ्याच्या दोन कागदांत दाबलेली पांढरी भुकटी. जिप्सम म्हणतात. बोटाने वाजवली तर रिकाम्या पिंपासारखी वाजते. आपल्या गावच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या, बांबूच्या, पण त्यांच्या अंगात माती होती. हिच्या अंगात हवा आहे. मी प्रफुलला म्हटलं, "काऊन रे, पैशे देऊन हवा विकत घेतली काय?" तर म्हणतो, "बाबा, तुमाले नाई समजत. नागपूरले सगळीकडे हेच चालू आहे."

ठेकेदाराने दोन माणसं पाठवली होती. मुख्य माणूस वारलू. तोंडात दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा. काही विचारलं की मान वर करून, थुंकी सांभाळत गुळगुळ बोलायचा आणि मग कोपऱ्यात पिचकारी. नव्या भिंतीच्या पायथ्याशी लाल डाग पडला आहे.

तरीही शेवटची फळी बसायची होती त्या दिवशी मी त्यांना जेवू घातलं. भिंत उभी करणाऱ्याला आपण उपाशी पाठवत नाही. तुझी आई असती तर तिनेच केलं असतं. मी स्वतःच्या हाताने सुक्या झिंग्यांची भाजी केली. तुझी वहिनी रोशनी म्हणत होती, "मामाजी, हॉटेलातून आलूबोंडे आणून द्या ना त्यायले." मी ऐकलं नाही. मी आतून भात घेऊन येईपर्यंत दोघांची ताटं स्वच्छ झाली होती. खर्रा खाणाऱ्या तोंडालाही चव असते म्हणायची.

आता प्रश्न असा की या भिंतीला लिंपायचं कशानं? वारलू म्हणतो, फळ्यांच्या सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवायची, पुट्टी भरायची, बाकी काही नको. प्रफुल म्हणतो, सगळ्या भिंतीवर पीओपीचा पातळ हात द्यायचा. मी म्हणतो, माती. बाळंतिणीची खोली माहेरच्या बाईच्या हाताने लिंपलेली असावी, असं तुझी आई नेहमी म्हणायची. ती तर नाही. रोशनी शेणाचं नाव काढलं की नाकाला पदर लावते. तू सांग.

तुझा बाबा
इस्तारी

*

भामरागड,
१ मे २००६

बाबा, नमस्कार करते, वाकून नाही, वाकता येत नाही आता.

तुमचं पत्र वाचून मला आणि यांना दोघांनाही शिंका आल्या. हे म्हणतात, "बाबांनी पाकिटात भिंतच पाठवली वाटते."

तब्येत चांगली आहे. नर्सबाई येऊन पाहून गेल्या. जुलैच्या सुरुवातीला, म्हणाल्या. बाळ फार हलतं. रात्री मी कुशीवर झाले की लाथ मारतं. पोटात हालचाल असली की मला बरं वाटतं. ती थोडी थांबली की मी घाबरून उठून बसते. मग हे कंदील घेऊन उठतात.

तुम्हाला हसू येईल, पण मला मातीचे डोहाळे लागले आहेत. शेजारच्या बुधरीबाईच्या घराची कुडाची भिंत आहे. तिच्यावर पाणी शिंपडलं की मी पळत जाते. परवा नखाने खरवडून खाल्ली. बुधरीबाई म्हणाली, "खाय ना बाई, पण दारापासची नको खाऊ, तिथी कुत्रे बसतात." यांना कळलं तर चिडतील, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. आईलाही असंच व्हायचं ना, माझ्या वेळी?

भिंतीचं म्हणाल तर वारलू सांगतो तसं करा. काहीही करा, पण लवकर करा. आणि तुमच्या हातचे झिंगे खाऊन ती माणसं ताट स्वच्छ करून गेली म्हणता, तर त्यांना माझ्याकडून दंडवत. लहानपणी दादा आणि मी मांजराला द्यायचो आणि मांजर मागे सरायचं.

वहिनी काय म्हणते? तिने मला एक ओळही लिहिली नाही. माझं येणं तिला जड तर वाटत नाही ना?

तुमची
दामिनी

*

गडचिरोली,
१० मे २००६

दामिनी माय,

मांजर मागे सरायचं, कारण तुम्ही त्याची शेपटी धरायचात. असो.

माती खाऊ नकोस. तुझी आई खायची हे खरं आहे, पण तिच्या वेळच्या भिंती स्वच्छ होत्या.

इथे नवीन संकट आहे. भिंतीला वास येतो. साधा नाही. सडका, गोडसर, घशात चिकटून बसणारा. सकाळी कमी असतो, दुपारी ऊन तापलं की खोलीत पाय ठेववत नाही. मी तिथे खाट टाकून झोपतो, कारण सध्या ती खोली रिकामी आहे. दुपारी डोळा लागला की स्वप्नात मला सडलेला तलाव दिसतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात मासे मरून फुगतात ना, तसा. आयुष्यभर मासे धरले, तरी हा वास मला सोसवत नाही.

घरात कुणीच मानत नाही. प्रफुल म्हणतो, "बाबा, फळीले नवीनपणी वास असतोच. रंग मारला की जाईल." म्हटलं, "नवीन वस्तूले सडका वास येते काय रे?" तर हसतो. रोशनी तर माझ्याकडेच पाहते. कोपऱ्यात मी शेणाचं घमेलं झाकून ठेवलं होतं, लिंपायची वेळ आली तर असावं म्हणून. म्हणते, "मामाजी, वास भिंतीले नाई, तुमच्या घमेल्याले येऊन राह्यला." मी घमेलं अंगणात नेऊन ठेवलं. वास जागच्या जागीच. तरी तिचं तेच. आता माझ्या धोतराचा वास घेऊन पाहते की काय, अशी तिची नजर.

ठरत काहीच नाही. वारलूला दोनदा बोलावलं. म्हणतो, आधी घरच्यांनी एक काय ते ठरवा. प्रफुलला पीओपीच पाहिजे. समोरचे गुणवंतराव येऊन गेले, त्यांनी सांगितलं सिमेंटचा गिलावा करा, मजबूत होईल. वारलू खर्रा थुंकून हसला. "शिमिट कागदावर थांबते काय बापा? दुसऱ्या दिवशी खाली." रोशनीला लिंपणं वगैरे काही नकोच, सरळ गुलाबी रंग मारून मोकळं व्हायचं आहे. गुलाबी! सडक्या वासावर गुलाबी रंग.

मी तर आता प्रफुलला स्पष्ट सांगितलं, "या खोलीत बाळंतीण ठेवाच्या लायक नाई. या घरात सध्या कोणाले आणायचंच नाई." तो गप्प बसला. बसणारच.

काळजी घे. ढग दिसू लागले का तिकडे?

बाबा

*

भामरागड,
१९ मे २००६

बाबा,

पत्र पोचलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग यांना वाचायला दिलं.

मला समजतं, बाबा. तुम्ही भिंतीबद्दल लिहिता. पहिल्या पत्रात भुकटी, दुसऱ्यात वास. मी इतकी लहान नाही. जागा नाही, वहिनीला माझं येणं नको आहे, हे सरळ लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही भिंतीच्या आडून लिहिता. "या घरात सध्या कोणाला आणायचंच नाही" हे तुम्ही स्वतः लिहिलं आहे. दादा गप्प बसला, हेही तुम्हीच लिहिलं आहे. मी कुणावर रागावलेली नाही. दोन खोल्यांच्या घरात तुम्हीही आहात, त्यांचाही संसार आहे.

म्हणून मी ठरवलं आहे, मी इथेच राहते. बुधरीबाईने पुष्कळ बाळंतपणं केली आहेत. नर्सबाईही आहेत. मागच्या वेळी झालं ते झालं. दर वेळी तसंच होईल असं नाही.

हे म्हणतात आलापल्लीला ओळखीच्यांकडे खोली मिळते का पाहतो. मी म्हटलं, नको. परक्याच्या घरी जाऊन पडण्यापेक्षा आपल्या घरी.

काल संध्याकाळी वारा सुटला होता, पण पाऊस आला नाही. तुम्ही काळजी करू नका. भिंतीचं तुमचं तुम्ही बघा.

दामिनी

*

गडचिरोली,
२८ मे २००६

दामिनी,

तू वेडी आहेस. तुझ्या बापाला आडून लिहिता आलं असतं तर तो चौथीत शाळा सोडून जाळं कशाला विणत बसला असता? मी भिंत लिहिली म्हणजे भिंतच. वास लिहिला म्हणजे वास. हे पत्र मी डाकेत टाकत नाही, भामरागडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतो. तो आपल्या जावयांना, भूपेशरावांना, ओळखतो.

आता जे झालं ते ऐक.

तुझं पत्र आलं त्या दिवशी प्रफुल आणि रोशनी आरमोरीला लग्नाला गेले होते. मी एकटा. पत्र वाचलं. तू पुलाच्या पलीकडे, आणि इथे हे लोक रंग गुलाबी की पांढरा यावर भांडत आहेत. म्हटलं, आता कुणाला विचारायचं नाही. खोली आजच तयार करायची. तलावाच्या काठची माती आणली, गिरणीतला भुसा आणला, घमेल्यातलं शेण होतंच. पायाने मळलं. आणि लुंगी खोचून भिंतीचा खालचा भाग कमरेएवढा लिंपून काढला. तुझी आई करायची तसा हात फिरवला, अर्धा गोल, अर्धा गोल. संध्याकाळी लांबून पाहिलं तर वाटलं, आता ही भिंत झाली. रात्री समाधानाने झोपलो.

सकाळी भिंतीला पोट आलं होतं.

कुडाची भिंत पाणी पिते आणि घट्ट होते. या फळीने पाणी प्यायलं आणि ती भिजलेल्या पोह्यासारखी फुगली. माती जड, कागद मऊ. माझ्या डोळ्यांसमोर सगळं लिंपण एका थाळीसारखं सुटलं आणि कागदासकट खाली आलं. आत राहिला पांढरा लगदा. मी बोट लावलं, तर बोट आरपार. आणि त्या भोकातून जो वास बाहेर आला, दामिनी, तो मी तुला लिहू शकत नाही. मी अंगणात पळालो आणि तुळशीजवळ ओकलो. आतापर्यंत तो भिंतीच्या आडून येत होता, आता तो स्वतः घरभर फिरू लागला.

तेवढ्यात ही दोघं आली. रोशनी लग्नातल्या साडीत दारातच थांबली. म्हणाली, "अग माय! हे काय करून ठेवलं मामाजी?" मी काही बोलायच्या आत वास तिच्यापर्यंत पोचला. तीही माझ्याच शेजारी येऊन ओकली. मला वाईट वाटलं आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. मी म्हटलं, "आता तं येते ना वास?" तोंड पुसत म्हणाली, "हाव."

प्रफुलने वारलूला बोलावून आणलं. खालची फळी उघडली. आत खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या, थुंकीने लाल झालेला बोळा, एक मेलेला उंदीर, आणि कागदात बांधलेलं काहीतरी सडलेलं. काय होतं ते ओळखू आलं नाही. उंदीर त्यासाठी आत शिरला असणार आणि तिथेच मेला. वारलूने खाली मान घालून सगळं उचललं. जाताना एकदा तोंड वाकडं करून माझ्याकडे पाहिलं.

मी तुझं पत्र रोशनीला दाखवलं. तिने पूर्ण वाचलं. मग प्रफुलवर ओरडली, "तुमीच म्हणत होते ना, खोली पुरी झाल्यावरच तिले पत्र लिहू, आता काळजी नको लावू? पाहा आता!" मग तिनेच मला सगळं सांगितलं. विटेची भिंत बांधली असती तर पाणी मारत बसावं लागलं असतं, ओल महिनाभर राहिली असती, आणि बाळंतिणीला ओल चालत नाही. म्हणून पोराने ही कोरडी भिंत निवडली होती. आणि त्या कोरड्या भिंतीला मी घमेलंभर पाणी पाजलं.

तू येत नाहीस हे पुन्हा लिहू नकोस.

बाबा

*

भामरागड,
१ जून २००६

बाबा,

कंडक्टरने पत्र यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पाकिटालेही वास येऊन राह्यला." हे खोटं असेल, पण आम्ही खूप हसलो. हसताना बाळानेही लाथ मारली.

मी तुमच्यावर आणि वहिनीवर उगाच वाकडा विचार केला. त्याबद्दल आल्यावर वहिनीशी बोलेन, पत्रात नाही.

पण एक विचारते. ती माणसं शेवटची फळी लावायची होती, त्याच दिवशी जेवली ना? तुम्ही भात आणायला आत गेलात आणि परत आलात तेव्हा ताटं स्वच्छ होती. बाबा, त्या कागदात काय होतं?

इथे रोज संध्याकाळी आभाळ भरतं. नदी अजून खाली आहे. हे म्हणतात, पहिला मोठा पाऊस झाला की जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही. भिंत सुकली की एका ओळीत कळवा. लांब पत्र नको, मळमळतं.

दामिनी

*

गडचिरोली,
६ जून २००६

दामिनी माय,

एका ओळीत लिहायचं होतं. जमणार नाही, कारण तू विचारलं आहेस.

झिंगे होते.

वारलूला मी काल चहा दिला आणि सरळ विचारलं. त्याने आधी खर्रा थुंकला, या वेळी बाहेर जाऊन. मग म्हणाला, "बाबा, काय सांगू. मीठ एवढं होतं का जीभ आखडली. पण तुमी एवढ्या प्रेमानं वाढून राह्यले, तुमच्या डोळ्यापुढे टाकाचं कसं? म्हनून कागदात बांधलं अन् सोडलं आत." मी म्हटलं, "अन् पन्न्या?" तर म्हणतो, "त्या तं आमच्याच." पुढे म्हणाला, "उंदीर तुमच्या झिंग्यानंच मेला असंन." रोशनी आत उभी होती. तिने तोंडात पदर कोंबला. या वेळी वासामुळे नाही. प्रफुलला सांगू नको म्हटलं, तर स्वयंपाकघरात पोचायच्या आत तिने त्याला सांगूनही टाकलं.

मी आता या घरात स्वयंपाक करणार नाही, असं सर्वानुमते ठरलं आहे.

भिंतीचं असं झालं. खालची फळी काढून टाकली. आतला सांगाडा फिनेलने पुसला, चार दिवस उघडा ठेवून उन्हं खाऊ दिली. मग नवी फळी, सांध्यांवर जाळीची पट्टी, पुट्टी, आणि त्यावर सगळीकडे पीओपीचा पातळ हात, नखाएवढा जाड. वारलूने पत्र्याच्या पातीने ओढला. मला शेजारी उभं राहू दिलं, हात लावू दिला नाही. शेवटचा एक पट्टा उरला तेव्हा रोशनी पुढे आली, पदर खोचून. म्हणाली, "द्या ती पाती." वाकडातिकडा हात फिरवला. वारलू म्हणाला, "बाई, लाट आली तिथी." ती म्हणाली, "राहू द्या." मग माझ्याकडे वळून, "झालं का मामाजी? लागला माहेरच्या बाईचा हात?"

ती लाट अजून तशीच आहे, तुझ्या खाटेच्या डोक्याशी. रंग पांढराच ठेवला.

मला विचारशील तर ही भिंत मला आजही आवडत नाही. अंगावर पांढरा पातळ मुखवटा, आत हवा, वाजवली की पिंप. तिच्याकडे पाहिलं की मला तो उंदीर दिसतो आणि जेवण जात नाही. तुझ्यासाठी मी तलावाच्या मातीचा एक गोळा वाळवून खिडकीत ठेवला आहे. खायचा नाही, फक्त हुंगायचा.

तीन दिवस झाले, मी रोज सकाळ-संध्याकाळ या भिंतीला गाल लावून पाहतो आहे. इथून तिथपर्यंत, खालपासून हात पोचेल तिथपर्यंत. दोघं हसतात, हसू दे. आज पहाटे तुळशीला पाणी घालताना आकाश पश्चिमेकडे काळं होतं. आत येऊन पुन्हा गाल लावला.

कोरडी आहे. ये.

बाबा